चाळिशीचा चष्मा आणि कपाटातलं कानाचं यंत्र

अण्णांचं कानाचं यंत्र मला लोखंडी कपाटात सापडलं. बँकेच्या पासबुकांच्या मागे, इस्त्रीच्या रुमालात नीट गुंडाळून ठेवलेलं. सोबत सहा बॅटऱ्यांचं पाकीट होतं आणि त्यातली एकच वापरलेली होती. ती बटणाएवढी बॅटरी साधारण आठवडाभर चालते. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी आमच्या आग्रहाखातर घेतलेलं ते यंत्र अण्णांनी आठवडाभर लावलं आणि ठेवून दिलं. आम्हीही परत विचारलं नाही.

अण्णा माझे वडील. वय ७९. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचं निदान झालं. ते यंत्र रोज लावलं असतं तर त्यांचा आजार टळला असता, असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या बाबतीत असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण या तीन वर्षांत जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं, त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. या आजाराचा विचार आपण फार उशिरा सुरू करतो. पंच्याहत्तरीच्या आजोबांना घेऊन दवाखान्यात जातो तेव्हा मेंदूतलं आजाराचं काम वीस वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून हा लेख आजी-आजोबांसाठी कमी आणि त्यांच्या पंचेचाळीस-पन्नाशीतल्या मुला-सुनांसाठी जास्त आहे. माझ्याच वयाच्या लोकांसाठी.

साठी बुद्धी नाठी?

ही म्हण आपण इतकी सहज वापरतो की म्हातारपण म्हणजे विसरभोळेपणा हे आपल्याला नैसर्गिकच वाटतं. आणि नवल म्हणजे, एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं.

मुंबईकर एखाद्याची टर उडवायची तर 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. ठाण्याचं ते मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टं डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला नाव लिहायला सांगितलं की ती 'श्रीमती' एवढं लिहायची आणि पुढचं विसरायची. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव आलोइस अल्झायमर. १९०६ साली ती वारली. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले चिकट थर आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी. १९१० साली एमिल क्रेपेलिन या ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

ऑगस्टं पन्नाशीतली होती. त्यामुळे पुढची कित्येक दशकं अल्झायमर हा तरुण वयात होणारा दुर्मीळ आजार समजला गेला, आणि ऐंशीच्या आजोबांना तेच झालं तर ते 'वयोमानाने'. १९७०च्या दशकात डॉक्टरांनी ठामपणे मांडलं की दोन्हीकडे मेंदूत दिसतं ते एकच आहे. म्हणजे ज्याला आपण म्हातारचळ म्हणून सोडून देत होतो, तो आजार आहे. वय वाढलं की त्याची शक्यता वाढते हे खरं, धोका वाढवणाऱ्या गोष्टींत वय सगळ्यात मोठं. पण नव्वदीतही ज्यांची बुद्धी लख्ख आहे अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

शब्दांचा एक घोळ इथेच निस्तरते. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हे लक्षणांच्या समूहाचं नाव आहे: स्मरण, भाषा, हिशेब, निर्णय यांची अशी घसरण की रोजचे व्यवहार एकट्याने जमेनासे होतात. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण, साधारण १०० पैकी ६० ते ७० रुग्णांमध्ये. दुसरं मोठं कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होणं. म्हातारपणी बऱ्याचदा ही दोन्ही कारणं एकाच मेंदूत हातात हात घालून असतात. हे लक्षात ठेवा, रक्तदाबाबद्दल बोलताना लागणार आहे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या १०० माणसांत सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण सुमारे ८८ लाख, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण जास्त आहे.

आतमध्ये नेमकं काय होतं

अण्णांना १९७२च्या दुष्काळात गावाकडे मिळणाऱ्या सुकडीची चव आठवते, पण तासाभरापूर्वी चहा घेतला हे आठवत नाही. हे असं उलटं का?

सरकारी कचेरीतली आवक नोंदवही आठवा. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी तिथे नोंदला जातो, त्याला क्रमांक पडतो, मग तो योग्य फायलीत जातो. मेंदूत कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. तो हे आवक नोंदीचं काम करतो. अल्झायमर बहुधा याच परिसरात पहिला घाव घालतो. जुन्या फायली अभिलेख कक्षात शाबूत असतात, पण आज आलेला कागद नोंदलाच जात नाही. चहाची आठवण 'विसरली' असं म्हणणंही चूक आहे, ती कधी लिहिलीच गेली नव्हती. मला हे कळल्यापासून 'अहो आत्ताच तर सांगितलं' हे वाक्य माझ्या तोंडून बंद झालं.

आता त्या थरांचं आणि गाठींचं. मेंदूच्या पेशींवर एक मोठं प्रथिन असतं, त्याचे तुकडे पडत असतात. त्यातला अमायलॉइड नावाचा तुकडा चिकट. तो वेळेवर निघून गेला तर काही बिघडत नाही, पण साचला की पेशींच्या मधल्या जागेत त्याचे थर बनतात. दुसरं प्रथिन टाऊ. पेशीच्या आत लांबच लांब रूळ असतात, त्यांवरून पोषणाची आणि रसायनांची ने-आण चालते. टाऊचं काम त्या रुळांना घट्ट धरून ठेवायचं, रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरसारखं. अल्झायमरमध्ये टाऊ रुळांपासून सुटतं आणि एकमेकांत गुंतून त्याच्या गाठी होतात. रूळ विस्कटतात, माल पोचत नाही, पेशी उपाशी पडून मरते.

हे सगळं पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं. अण्णांना ७६व्या वर्षी निदान झालं, म्हणजे त्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचायला लागलं तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले असतील, किंवा कदाचित अजून प्रेसवरच असतील.

आणखी एक गोष्ट मला फार आशेची वाटते. काही माणसांच्या मेंदूत मृत्यूनंतर भरपूर थर आणि गाठी सापडतात, पण जिवंतपणी त्यांचं काहीच बिघडलेलं नसतं. याला डॉक्टर मेंदूची राखीव ताकद म्हणतात. ठाणेकरांना हे समजायला सोपं आहे. मध्य रेल्वे बंद पडली तर ज्याला एकच रस्ता ठाऊक आहे तो फलाटावर अडकतो. ज्याला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून हार्बरने सीएसएमटी ठाऊक आहे, तो उशिरा का होईना, पोचतो. शिकलेल्या, सतत नवं काही करत राहिलेल्या, माणसांत मिसळलेल्या मेंदूत असे पर्यायी रस्ते जास्त असतात. रूळ उखडले तरी गाडी बराच काळ चालू राहते.

हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक होता. घरी आगरी, बाजारात मराठी, गाडीत हिंदी बोलणारी कळव्याची मासेवाली मेंदूला रोज किती तालीम देते, याचा मी तोपर्यंत विचारच केला नव्हता.

शाळेचा मुद्दा मात्र मनाला लागतो. कमी शिक्षण हा धोका वाढवणारा घटक आहे, आणि बायकांमध्ये प्रमाण जास्त असण्यामागचं ते एक कारण मानलं जातं. माझ्या आईला चौथीनंतर धाकट्या भावंडांसाठी घरी बसवलं. तो निर्णय तिने घेतला नव्हता. साठ वर्षांनी त्याची किंमत तिच्याच मेंदूने मोजायची, हा अन्याय आहे.

'वडिलांना होता, मग मला होणारच का?'

हा प्रश्न मला स्वतःला रात्री दोन वाजता पडलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर. अल्झायमरचा एक प्रकार थेट जनुकांतून उतरतो, पण तो शंभरात एकालाही नसतो. त्यात आजार चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो आणि घराण्यात पिढ्यान् पिढ्या दिसतो. उरलेल्या बहुतेकांच्या बाबतीत जनुकं धोका फक्त कमीजास्त करतात. एपीओई-४ नावाचा एक नमुना आई किंवा वडिलांकडून आला तर धोका दोन-तीन पट होतो, दोघांकडून आला तर आणखी बराच वाढतो. तरीही तो असलेल्या कित्येकांना आजार होत नाही आणि नसलेल्यांना होतो. वडिलांना होता म्हणून माझी शक्यता थोडी जास्त आहे, पण ते कपाळावर लिहिलेलं नाही.

शंभरातले पंचेचाळीस

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली जगभरचे अभ्यास तपासून चौदा घटक नोंदवले. आयुष्यभरात हे सगळे घटक दूर करता आले, तर स्मृतिभ्रंशाची जवळजवळ ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा हिशेब आहे. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. तुम्ही सगळं पाळलं तर तुमचा धोका ४५ टक्क्यांनी घटेल, असा त्याचा अर्थ होत नाही. हा अख्ख्या समाजाचा हिशेब आहे. आणि त्यात 'लांबवणं' हा शब्द 'टाळणं'इतकाच मोलाचा आहे. जो आजार ७८व्या वर्षी येणार होता तो ८४व्या वर्षी आला, तर मधली सहा वर्षं ती आजी नातवंडांची नावं घेऊन हाक मारते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात पिढ्यान् पिढ्या लोकांची तब्येत नोंदवणारा अभ्यास चालू आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटापासून तिथे नव्याने स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण दर दशकाला सरासरी २० टक्क्यांनी उतरत गेलं, असं २०१६ साली जाहीर झालं. त्या काळात या आजारावर एकही रोखणारं औषध नव्हतं. पण ही घट फक्त शाळा पूर्ण केलेल्यांमध्येच दिसली. हे वाचून मला पुन्हा आई आठवली.

कान

चौदा घटकांत सगळ्यात मोठा वाटा दोघांचा, प्रत्येकी सात टक्के: रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं. कोलेस्टेरॉलबद्दल लोक निदान ऐकून तरी असतात. कानाचं नाव काढलं की डॉक्टरकडे आलेल्यांच्याही भुवया उंचावतात.

वय किंवा गोंगाट यांमुळे ऐकणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच सूर. स, श, त, थ, फ ही अक्षरं तिथली. स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला बोलणं ऐकू येतं, पण 'सात' म्हणाले की 'हात' की 'भात', हे कळत नाही. म्हणूनच ते म्हणतात, 'मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता.' अण्णा हेच म्हणायचे आणि आम्ही चिडायचो. ते अगदी खरं सांगत होते.

याचा मेंदूशी संबंध तीन वाटांनी असावा असं मानलं जातं. एक, अर्धवट ऐकलेलं वाक्य जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, मग ते लक्षात ठेवायला काही उरत नाही. दोन, आवाज पोचत नाहीत तेव्हा ते हाताळणारा मेंदूचा भाग आक्रसत जातो. आणि तीन, माणूस हळूहळू माणसांतून उठतो. आमच्याकडे हे तिसरं डोळ्यांदेखत घडलं. अण्णा मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी सहा ते आठ असायचे. मग गप्पा कळेनात म्हणून कोपऱ्यात बसू लागले. मग सात वाजताच घरी. मग गेलेच नाहीत. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

यंत्र लावल्याने फायदा होतो का, हे अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं तपासलं गेलं. निकाल २०२३ साली आला. सगळ्यांना एकत्र धरलं तर बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून हृदयाचे आणि इतर धोके जास्त होते, त्यांच्या गटात यंत्र वापरणाऱ्यांची घसरण ४८ टक्के मंद होती. म्हणजे हा रामबाण नाही, पण ज्याला गरज सर्वांत जास्त त्याला फायदाही जास्त.

चाळिशी लागली की आपण सगळे मुकाट्याने चष्मा लावतो. त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो, इतका तो घरचा झालाय. कानाच्या यंत्राला मात्र आपण कमीपणाचं समजतो. हे बदलायला हवं, आणि लवकर. कारण नवं यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे ताटवाट्यांचा आवाजही कर्कश वाटतो. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखायला वेळ लागतो. ५५व्या वर्षी ही सवय होते. ७५व्या वर्षी, विस्मरण सुरू झाल्यावर, ती लावणं फार अवघड. यंत्र घेतल्यावर दोन-तीनदा परत जाऊन ते आपल्या कानाप्रमाणे जुळवून घ्यावं लागतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आवाज टोचला, अण्णांनी काढून ठेवलं, आम्ही विषय सोडला.

कारखान्यातल्या प्रेसचा गोंगाट ही जुनी गोष्ट झाली. आता दहीहंडीला डीजेच्या भिंती आहेत, कानात तासन् तास इअरफोन आहेत. कानाच्या आतल्या ज्या नाजूक केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

गोळी आणि तिची 'सवय'

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला वीस टक्के एकटा खातो. तो पोचवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक. त्यांच्यावर वर्षानुवर्षं जास्त दाब पडला की त्या जाड, कडक होतात, काही बुजतात, आणि मेंदूच्या आतल्या जोडण्या ठिकठिकाणी तुटतात. याचं दुखणं जाणवत नाही. लकवा आला तर कळतं, नाहीतर नाही.

सकाळी तलावपाळीला फिरताना मी किती जणींच्या तोंडून ऐकलंय: 'बीपीची गोळी एकदा सुरू केली की सवय लागते, म्हणून मी टाळते.' कुणी डोकं दुखेल तेव्हाच घेतं. कुणी आकडा नीट आला म्हणून बंद करतं, जणू तापाचं औषध. सवय गोळीची लागत नाही. वाढलेला दाब हाच बहुतेकांना कायमचा असतो आणि गोळी त्याला रोजच्या रोज आवरते, चष्मा नजरेला आवरतो तशी. चष्मा काढला की अंधूक दिसतं, त्याला आपण 'चष्म्याची सवय लागली' म्हणून चष्मा फेकत नाही.

लॅन्सेट आयोगाचा सल्ला सरळ आहे: चाळिशीपासून रक्तदाबाचा वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवा. अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांवर झालेल्या एका चाचणीत, वरचा आकडा १२०च्या खाली आणायचं उद्दिष्ट असलेल्या गटाला, १४०च्या खाली समाधान मानणाऱ्या गटापेक्षा बुद्धीची सौम्य घसरण सुमारे १९ टक्के कमी झाली. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. तुमचा आकडा किती असावा हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, विशेषतः उठताना चक्कर येणाऱ्या वयस्कर माणसांच्या बाबतीत. पण मोजल्याशिवाय काहीच ठरत नाही. माझा ४७व्या वर्षी १५२ निघाला, दुसऱ्याच कशासाठी तरी तपासताना. मला काहीही होत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी सगळं धरायचं. आमच्या घरी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माणशी दुप्पट निघालं.

उरलेलं पटापट सांगते, कारण ते तुम्ही हृदयासाठी ऐकलेलंच आहे आणि मेंदूलाही तेच लागू आहे. मधुमेह आटोक्यात ठेवा. चाळिशीपासून कोलेस्टेरॉल तपासा, डॉक्टरांनी गोळी दिली तर घ्या. तंबाखू सोडा, कुठल्याही वयात सोडली तरी उपयोग होतो. दारू, पोटाचा घेर, व्यायाम. उदासीनता असेल तर तिच्यावर उपचार घ्या, 'मनाचे खेळ' म्हणून बाजूला सारू नका. घोडबंदर रोडवर रात्रभर ट्रक चालतात. हवेतली ती बारीक धूळही यादीत आहे आणि ती एकट्याने सुटण्यातली नाही, पण बंद खोलीत मच्छर अगरबत्ती लावणं आपण थांबवू शकतो. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर 'पिकू दे' म्हणून थांबू नका. ती फार जुनी पद्धत झाली, आणि कमी दिसणं हा २०२४ साली या यादीत नव्याने आलेला घटक आहे. आणि दुचाकीच्या आरशाला लटकणारं ते हेल्मेट. डोक्याला बसलेला जबर मार पुढे अनेक वर्षांनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो. गोखले रोडपर्यंतच जायचं असलं तरी ते डोक्यावर हवं.

बाविसाव्या मजल्यावरची आजी

एका घटकावर मात्र मला थांबायचंय. माणसं नसणं. पाच टक्के वाटा त्याचा आहे, मधुमेहापेक्षा जास्त.

नौपाडा, चरई, पाचपाखाडीत जुन्या इमारती पाडून टॉवर होताहेत. तोवर तीन-चार वर्षं भाड्याने घोडबंदरला. घर मोठं, लिफ्ट, समोर येऊरचा डोंगर. आणि आजी दिवसभर एकटी. चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडताना तिला दिवसातून वीस माणसं भेटायची: दूधवाला, भाजीवाली, शेजारच्या काकू, त्यांचं भांडण, त्यांचा समेट. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचे पैसे कुणाकडे अडकलेत, हे सगळं डोक्यात ठेवणं ही मेंदूची केवढी कसरत होती! ती बाविसाव्या मजल्यावर एका दिवसात संपते. टीव्ही माणसाशी बोलत नाही, तो फक्त बोलतो.

वयस्कर माणसाला नव्या घरी नेणार असाल तर आधी त्यांची रोजची माणसं कुठून येतील ते ठरवा. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, हास्य क्लब, १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातली आठवड्याची फेरी, काहीही. फक्त ते ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी हवं.

बदाम, ब्राह्मी, सुडोकू

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: काय खाऊ? बदाम खा, छान आहेत, पण त्यांनी अल्झायमर टळतो असा पुरावा नाही. हळदीबद्दलही तेच. स्मरणशक्तीसाठी जगभर खपणाऱ्या गिंको या वनस्पतीची तर मोठी चाचणी झाली: तीन हजारांवर वयस्कर लोक, कित्येक वर्षं. २००८ साली निकाल आला, स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. महिन्याला दीड-दोन हजारांच्या 'मेमरी'च्या बाटल्यांवर जाणारा पैसा कानाच्या तपासणीवर घाला, असं मी प्रत्येकाला कळवळून सांगते. सुडोकूने माणूस सुडोकूत तरबेज होतो. आवडत असेल तर सोडवा, पण नवी भाषा, पेटी, पोहणं, ज्यात चुकायला होतं आणि माणसं भेटतात, ते जास्त मोलाचं.

एकेक गोळी शोधण्यापेक्षा सगळं मिळून करणं कामाला येतं, हे फिनलंडने दाखवलं. धोका असलेल्या ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी अर्ध्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूची तालीम आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं सगळं एकत्र दिलं. बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. पहिल्या गटाची बुद्धीच्या चाचण्यांतली प्रगती चांगली राहिली. २०१५ सालची ही गोष्ट. साठीनंतरही उशीर झालेला नसतो, हा त्यातला मला भावलेला भाग.

विसरायला लागलं की

शेजाऱ्याचं नाव पटकन न आठवणं आणि दोन तासांनी आंघोळ करताना आठवणं, हे चालतं. पण चाळीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईला पुरणानंतर काय करायचं ते सुचत नाही, एकच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा येतो, नेहमीच्या दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब जमत नाही, असं काही महिने दिसत असेल तर डॉक्टरांकडे न्या. 'वयच झालं' म्हणू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत खूप दिसते, थायरॉइड मंदावणं, उदासीनता, झोपेच्या आणि काही इतर गोळ्या यांनीही विस्मरण होतं आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. साध्या रक्ततपासणीत ब-१२ आणि थायरॉइड कळतात. आणि दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टपणा आला तर तो बहुधा अल्झायमर नसतो. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं असं काही असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

'मेंदूचे डॉक्टर' म्हटलं की आमच्या ठाण्यात अजून लोक दचकतात, कारण सगळ्यांना तीच मनोरुग्णालयाची दगडी भिंत आठवते. अण्णांना न्यायला आम्ही दीड वर्ष घालवलं, त्यातलं अर्धं या भीतीपायी.

कपाटातलं ते जुनं यंत्र आता चालू होत नाही. अण्णांसाठी नवं घेतलंय, मी रोज सकाळी अंघोळीनंतर लावून देते आणि ते दुपारपर्यंत ठेवतात. कुकरची शिट्टी झाली की मान वळवतात.

त्याच फेरीत मी आणि दादाने स्वतःचे कान तपासून घेतले. माझे ठीक आहेत. दादा ५४ वर्षांचा, गेली बारा वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याचा आलेख सगळीकडे बरा आहे आणि ४,००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेल्यासारखा खाली उतरलाय. गोंगाटाने गेलेल्या कानाची ती खूण, अण्णांच्या जुन्या कागदावरही ती होती. तपासणाऱ्या ताईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दादा बराच वेळ काही बोलला नाही. रविवारी सरावाला गेला तेव्हा त्याच्या पिशवीत इअरप्लगचे चाळीस जोड होते, पथकातल्या प्रत्येक पोरासाठी एक.